पेगी ॲशक्रॉफ्ट पाहायला कुठून सुरुवात करावी?

इंग्रजी रंगभूमीबद्दल थोडंफार वाचायला लागलं की गिलगुड, ऑलिव्हिए, रिचर्डसन या तीन नावांच्या जोडीला चौथं नाव हमखास येतं: डेम पेगी ॲशक्रॉफ्ट. जन्म १९०७, क्रॉयडन. मृत्यू १९९१, लंडन. कामाला सुरुवात १९२६ साली बर्मिंगहॅमच्या रेपर्टरी थिएटरमध्ये. नाव वाचून उत्सुकता वाटते आणि आपण तिच्या गाजलेल्या भूमिका शोधायला बसतो. डेस्डिमोना, ज्युलिएट, हेडा गाबलर, हेस्टर कॉलियर. शोधाशोध करून हाती लागतात ती फक्त छायाचित्रं. ही सगळी कामं रंगमंचावर झाली आणि पडदा पडला तेव्हा तिथेच संपली.

मी सुरुवातीला जन्मसालापासून क्रमाने जायला निघाले होते. त्यात पहिल्या पंचवीस वर्षांत पाहण्यासारखं जवळपास काहीच मिळेना आणि मी ते सोडून दिलं. पुढे काही वर्षांनी शेवटाकडून सुरुवात केली, आणि मग ही बाई मला भेटली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी हाच उलटा रस्ता सांगते: म्हातारपणाकडून तरुणपणाकडे, पडद्याकडून रंगमंचाकडे. आधी जे दिसतं त्यावर डोळा आणि कान तयार करायचे. मग जे हरवलंय त्याची वर्णनं वाचताना ती कोरडी वाटत नाहीत.

बसण्यापूर्वी एक साधी वही घ्या. प्रत्येक काम पाहून झालं की तीनच गोष्टी लिहा: साल, त्या वेळी त्यांचं वय, आणि त्या गप्प असतानाचा एक क्षण. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढे कळेल. आणि इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी शक्य तिथे सबटायटल्स लावा.

पहिली पायरी: मशिदीतला प्रसंग

सुरुवात १९८४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’पासून करा. दिग्दर्शक डेव्हिड लीन, त्यांचा हा शेवटचा चित्रपट. बरंचसं चित्रीकरण बंगळूर आणि आसपासच्या भागात झालं. ई. एम. फॉर्स्टर यांची मूळ कादंबरी १९२४ ची. ती पूर्ण होण्याआधी, १९२१ मध्ये, फॉर्स्टर काही महिने देवास थोरल्या पातीच्या पवार महाराजांचे खाजगी चिटणीस होते. म्हणजे त्यांनी जवळून पाहिलेला हिंदुस्थान बराचसा एका मराठा दरबारातला होता. हे माहीत असलं की आपल्याला ही कथा थोडी घरातली वाटते.

ॲशक्रॉफ्ट यात मिसेस मूर आहेत. मुलाला भेटायला विलायतेहून आलेली वृद्ध विधवा. पूर्ण चित्रपट पाहा, पण मशिदीतला प्रसंग दोनदा पाहा. रात्र आहे, चांदणं आहे. क्लबातल्या गोऱ्या लोकांना कंटाळून ही बाई एकटीच बाहेर पडून मशिदीत आली आहे. अंधारात बसलेला डॉक्टर अझीझ दचकतो, चिडतो आणि तिला सुनावतो की इथे यायचा तुम्हाला अधिकार नाही, बूट काढायला हवे होते. ती सांगते, काढलेत. आणि मग, इथे देव आहे.

पहिल्यांदा हे वाक्य ऐका. दुसऱ्यांदा वाक्याच्या आधीचा चेहरा पाहा. कोणी आपल्यावर ओरडतंय याचा तिला राग नाही, भीतीही फारशी नाही; तो असं का म्हणतोय हे तिला कळतंय, आणि ते कळणं तोंडातून शब्द निघण्याआधी डोळ्यांत येऊन गेलंय. ॲशक्रॉफ्ट यांच्या अभिनयाची मला दिसलेली खूण हीच आहे: विचार आधी येतो, वाक्य त्याच्या मागून. बहुतेक नट वाक्य पाठ असल्यासारखं बोलतात, कारण ते पाठ असतंच. या बाईंचं प्रत्येक वाक्य त्याच क्षणी सुचल्यासारखं निघतं. तुमच्या वहीतल्या तिसऱ्या रकान्यात पहिली नोंद इथली करा.

पुढे गुहेतल्या गर्दीत आणि प्रतिध्वनीत तीच बाई आतून खचते. तिथे तर जवळपास संवादच नाहीत. देवळात-मशिदीत जिला देव जाणवत होता तिला त्या पोकळ आवाजानंतर काहीच जाणवेनासं होतं, आणि हे सगळं बाहेर येऊन खुर्चीत बसलेल्या एका थकलेल्या शरीरातून आपल्याला कळतं.

या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या. त्या विभागात इतक्या वयाच्या दुसऱ्या कोणाला हे पारितोषिक मिळालेलं नाही. सोहळ्याला मात्र त्या गेल्या नाहीत. जुने सहकारी मायकेल रेडग्रेव्ह चार दिवसांपूर्वी गेले होते आणि त्यांच्या अंत्यविधीसाठी त्या इंग्लंडमध्येच थांबल्या. पारितोषिक अँजेला लॅन्सबरी यांनी स्वीकारलं.

दुसरी पायरी: ट्रंक आणि टांगा

त्याच १९८४ सालची ग्रॅनडा टेलिव्हिजनची मालिका, ‘द ज्युएल इन द क्राउन’. चौदा भाग. पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवर बेतलेली, १९४२ ते १९४७ या काळातली, इंग्रज हिंदुस्थान सोडून जाण्याच्या आधीची. इथे नवख्यांची एक चूक होते. पहिल्या काही भागांत ॲशक्रॉफ्ट दिसतच नाहीत, म्हणून लोक मालिका पुढे सरकवतात किंवा सोडून देतात. तसं करू नका. हरी कुमार आणि डॅफ्नी मॅनर्स यांची गोष्ट नीट पाहिली नाही तर पुढे बार्बीच्या वाट्याला येतं त्याचं वजन कळत नाही.

बार्बी बॅचेलर ही मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पानकोट नावाच्या डोंगरावरच्या गावात, वृद्ध मेबल लेटनच्या रोझ कॉटेजमध्ये तिला आसरा मिळालाय. ती खूप बोलते. सारखी बोलते. सैन्यातल्या साहेबांच्या बायका तिला कमी दर्जाची समजतात आणि ते तिला कळतं, म्हणून ती आणखी बोलते. आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात अशी एखादी मावशी किंवा आत्या असतेच, जिच्या बोलण्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि जी गेल्यावर घर सुनं होतं. ॲशक्रॉफ्ट यांनी बार्बीला हसण्याचा विषय होऊ दिलेलं नाही. बडबडीच्या मधल्या फटींतून तिचा एकटेपणा दिसत राहतो.

मेबल गेल्यावर बार्बीला घराबाहेर काढलं जातं. तिची मिशनमधल्या वर्षांची एक लोखंडी ट्रंक आहे, तिचं सगळं आयुष्य त्यात. ती ट्रंक टांग्यावर चढवून ती डोंगर उतरायला निघते, ओझं जास्त होतं आणि टांगा उलटतो. त्यानंतर ही अखंड बोलणारी बाई बोलणं सोडते. इस्पितळातली ती गप्प बार्बी पाहताना मागची सगळी बडबड पुन्हा कानात वाजते. एका नटीने पाच-सहा भाग आधीपासून ही शांतता पेरून ठेवली होती, हे दुसऱ्यांदा पाहताना कळतं.

वहीत वय लिहायला विसरू नका. या दोन्ही कामांच्या चित्रीकरणासाठी त्या सत्तरीच्या मध्यावर असताना भारतात आल्या, एकापाठोपाठ एक. बार्बीसाठी त्यांना टेलिव्हिजनचं आणि मिसेस मूरसाठी चित्रपटाचं बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं.

तिसरी पायरी: वाईट वागणाऱ्या म्हाताऱ्या

दोन प्रेमळ वृद्धा पाहून झाल्या की लगेच ‘कॉट ऑन अ ट्रेन’ पाहा, नाहीतर मनात एक गोड आजीबाई तयार होते आणि मग ती हलत नाही. १९८० ची बीबीसीची ही टेलिव्हिजन-फिल्म स्टीफन पोलियाकॉफ यांनी लिहिली आहे. ऑस्टेंडहून व्हिएन्नाला जाणारी रात्रीची गाडी, मायकेल किचनने केलेला एक तरुण इंग्रज, आणि फ्राउ मेसनर नावाची व्हिएन्नाची म्हातारी. हट्टी, उद्धट, सगळं जग आपल्या सेवेला आहे असं मानणारी. तिची चीड येते, आणि तिच्यावरून नजर हलत नाही.

‘शी’ज बीन अवे’ (१९८९) त्याच लेखकाची, दिग्दर्शन पीटर हॉल यांचं. साठ वर्षं मनोरुग्णालयात काढून बाहेर आलेली बाई. व्हेनिसच्या महोत्सवात जेराल्डिन जेम्स आणि ॲशक्रॉफ्ट यांना मिळून अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. ही शेवटच्या काळातली भूमिका जवळपास निःशब्द आहे, तेव्हा वहीचा तिसरा रकाना भरून वाहील.

‘द नन्स स्टोरी’ (१९५९) आणि ‘संडे ब्लडी संडे’ (१९७१) यांत त्यांची छोटी कामं आहेत. वेळ असेल तर पाहा, नसेल तर पुढे चला.

चौथी पायरी: आवाज बंद करून पाहा

आता एकदम मागे, १९३५. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द थर्टी नाइन स्टेप्स’. हा मिळायला सोपा आहे. खुनाच्या खोट्या आरोपातून पळणारा नायक हॅने स्कॉटलंडच्या माळावर एका शेतकऱ्याच्या घरी रात्रीचा आसरा मागतो. शेतकरी वयाने मोठा, कर्मठ, संशयी. त्याची बायको मार्गारेट तरुण. ती ॲशक्रॉफ्ट, २७ वर्षांच्या. काम मोजून काही मिनिटांचं.

आधी आवाजासकट पाहा. नवरा बाहेर असताना ती हॅनेला ग्लासगोबद्दल सांगते, लंडनबद्दल विचारते. तिकडच्या बायका पायाची नखं रंगवतात म्हणे, खरं का? त्या प्रश्नात तिचं सगळं अडकलेलं आयुष्य आहे.

मग जेवणाच्या टेबलापासून पुन्हा लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. नवरा डोळे मिटून प्रार्थना म्हणतोय. टेबलावर वर्तमानपत्र आहे, त्यात खुनाची बातमी. हॅनेची नजर तिकडे जाते. तिची नजर त्याच्या नजरेमागून जाते, बातमीवर थांबते, वर येते, आणि दोघं एकमेकांकडे पाहतात. तेवढ्यात नवऱ्याचे डोळे उघडतात. त्याला खून दिसत नाही, त्याला दिसतं ते वेगळंच. एक शब्द न बोलता तिघांच्या तीन गोष्टी होऊन जातात, आणि त्यांतली तिची सगळ्यात गुंतागुंतीची: भीती, दया, आणि हा माणूस निरपराध आहे असा ठरवून टाकलेला विश्वास. त्याला पळवून लावताना ती नवऱ्याचा कोट देते. कोटाच्या खिशातल्या भजनांच्या पुस्तकामुळे पुढे त्याचा जीव वाचतो. तिच्या वाट्याला काय येतं ते आपल्याला एका किंकाळीतून कळतं.

हे पाहिल्यावर मशिदीतला प्रसंग पुन्हा लावून पाहा. मध्ये जवळपास पन्नास वर्षं गेलीत आणि ऐकण्याची रीत तीच आहे.

पाचवी पायरी: राणी मार्गारेट

इथे थोडी तयारी लागते, पण या पायरीसाठीच सगळा जिना चढायचा असतो. १९६३ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीने स्ट्रॅटफर्डला ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ केलं. जॉन बार्टन आणि पीटर हॉल यांनी ‘सहावा हेन्री’ची तीन नाटकं आणि ‘तिसरा रिचर्ड’ यांची काटछाट करून त्यांतून तीन नाटकं बांधली. १९६४ मध्ये बीबीसीने त्याच नाट्यगृहात ती चित्रित केली आणि १९६५ मध्ये दाखवली. म्हणजे रंगमंचावरची ॲशक्रॉफ्ट पाहायची तर सगळ्यात जवळची जागा हीच. डीव्हीडीवर मिळते.

आधी लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांची वंशावळ कागदावर काढा. कोण कोणाचा काका हे कळलं नाही तर पहिल्या अर्ध्या तासात हात टेकाल. नेपथ्य जॉन बरी यांचं, लोखंडी पत्र्यांचं, गंजलेलं, तलवारीसारखं. शिकलेली माणसं बंद खोलीत मेज गाठून खुनाचे ठराव करतात असं सगळं वातावरण. आपल्याकडच्या दरबारी कारस्थानांच्या बखरी वाचलेल्यांना ते परकं वाटणार नाही.

मार्गारेट पहिल्यांदा येते ती फ्रान्सहून लग्नासाठी आणलेली पोर म्हणून. तिसऱ्या नाटकात ती शाप देत फिरणारी जख्ख म्हातारी आहे. मधला सगळा प्रवास एकाच नटीने केलाय, आणि स्ट्रॅटफर्डला हे सुरू झालं तेव्हा तिचं वय ५५ होतं. तरुणपणासाठी त्यांनी मेकअपवर फारशी भिस्त ठेवलेली नाही. चाल पाहा, मान कशी वळते ते पाहा. आणि कान देऊन ‘र’ ऐका. मार्गारेट फ्रेंच आहे हे त्यांनी त्या एका व्यंजनात धरून ठेवलंय.

दोन जागा चुकवू नका. एक, तिचा प्रियकर सफक याचं कापलेलं डोकं तिच्या हातात येतं ती. दुसरी, पकडलेल्या यॉर्कला मुंगळ्यांच्या वारुळाएवढ्या मातीच्या ढिगावर उभं करून ती त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवते ती. त्याच्या लहान मुलाच्या रक्तात भिजलेला रुमाल ती त्याला डोळे पुसायला देते. यॉर्क म्हणजे डोनल्ड सिंडन. तो तिला म्हणतो, बाईच्या कातड्यात गुंडाळलेलं वाघाचं काळीज. त्याचं भाषण लांबलचक आहे आणि ते चालू असताना तिला फक्त उभं राहून ऐकायचंय. पहिल्या वेळी साहजिकच तुम्ही यॉर्ककडे पाहाल. दुसऱ्या वेळी तिच्याकडे पाहा.

‘थर्टी नाइन स्टेप्स’मधल्या त्या बाईचं नाव मार्गारेट. स्वतः पेगींचं पूर्ण नाव इडिथ मार्गारेट एमिली. ‘पेगी’ हे मार्गारेटचंच लाडाचं रूप. योगायोगच, पण मला तो आवडतो.

हे जड गेलं तर आधी १९६२ चं बीबीसीचं ‘द चेरी ऑर्चर्ड’ पाहून घ्या. ॲशक्रॉफ्ट रानेव्हस्काया, जॉन गिलगुड तिचा भाऊ, आणि धाकटी मुलगी आन्या म्हणजे अगदी कोवळी जुडी डेंच. जुडी डेंच आवडणाऱ्यांनी तर याच दारातून आत यावं.

सहावी पायरी: फक्त कान

डोळे मिटून ऐकण्यासारख्या दोन गोष्टी. पहिली ‘व्हेन द विंड ब्लोज’, १९८६ चा ॲनिमेशनपट. अणुबॉम्ब पडल्यावरही सरकारी पत्रकातल्या सूचना इमानेइतबारे पाळणारं एक साधं म्हातारं जोडपं. तिचा आवाज ॲशक्रॉफ्ट यांचा, त्याचा जॉन मिल्स यांचा. चहा, उशा, धुतलेले कपडे यांबद्दलच ती बोलत राहते. चेहरा नाही, हात नाहीत, फक्त आवाज, आणि तो हळूहळू थकत जातो.

दुसरी हॅरल्ड पिंटर यांची ‘लँडस्केप’. तेव्हा इंग्लंडमध्ये नाटक रंगमंचावर आणायचं तर लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीची परवानगी लागायची. काही शब्दांवरून ती नाकारली गेली, म्हणून १९६८ मध्ये ते आधी बीबीसी रेडिओवर झालं, ॲशक्रॉफ्ट आणि एरिक पोर्टर यांच्या आवाजात. त्याच वर्षी ही परवानगीची पद्धत रद्द झाली आणि पुढच्या वर्षी ते ऑल्डविच थिएटरला आलं. संहितेवर सरकारी कात्री चालणं म्हणजे काय हे मराठी नाटकवाल्यांना वेगळं सांगायला नको.

सातवी पायरी: जे दिसत नाही ते

आता मागे राहिलेली मोठी कामं. ही वाचूनच पाहायची.

१९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात पॉल रोबसन ऑथेल्लो आणि ॲशक्रॉफ्ट डेस्डिमोना. रोबसन कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि गोऱ्या नटीने त्यांचं रंगमंचावर चुंबन घ्यावं यावरून गदारोळ झाला, तिला घाणेरडी पत्रं आली. २२ वर्षांची मुलगी. देवलांच्या ‘झुंजारराव’मधून ही कथा मराठी प्रेक्षकाला १८९० पासून ओळखीची आहे, पण त्या वेळच्या लंडनमध्ये ती नुसती कथा उरली नव्हती. १९३५ मध्ये न्यू थिएटरात गिलगुड आणि ऑलिव्हिए यांनी रोमिओ आणि मर्क्युशिओ आळीपाळीने केले. ज्युलिएट एकच, ॲशक्रॉफ्ट. त्यामुळे हे नाटक वाचताना एक खेळ करा: एकच संवाद दोन वेगवेगळ्या रोमिओंना कसा द्यावा लागला असेल, ते मोठ्याने म्हणून पाहा.

काही भूमिका पडद्यावर गेल्या त्या दुसऱ्यांच्या होऊन. ‘द एअरेस’ लंडनला १९४९ मध्ये ॲशक्रॉफ्ट यांनी केलं. त्याच वर्षीच्या चित्रपटात ऑलिव्हिया डी हॅविलंड होत्या आणि ऑस्करही त्यांना मिळालं. टेरेन्स रॅटिगन यांच्या ‘द डीप ब्लू सी’मधली हेस्टर १९५२ मध्ये पहिल्यांदा उभी केली ॲशक्रॉफ्ट यांनी, चित्रपटात आल्या व्हिव्हियन ली. हे चित्रपट जरूर पाहा, पण आधी नाटकाची संहिता वाचा. हेस्टर पहिल्याच प्रवेशात गॅसच्या शेगडीसमोर बेशुद्ध पडलेली सापडते आणि उरलेलं नाटक म्हणजे तिने पुन्हा उभं राहणं. एव्हाना तुमच्या वहीत गप्प राहण्याच्या आठ-दहा नोंदी झालेल्या असतील. संहितेत जिथे दुसरं पात्र बोलतंय आणि हेस्टरला वाक्य नाही, तिथे त्या नोंदी ठेवून पाहा. हरवलेली भूमिका थोडी दिसायला लागते.

इब्सेनच्या हेडासाठी नॉर्वेच्या राजाने त्यांना सन्मान दिला. बेकेटच्या ‘हॅपी डेज’मध्ये, साठीच्या उत्तरार्धात, त्या आधी कमरेपर्यंत आणि मग गळ्यापर्यंत मातीत गाडलेल्या विनी झाल्या. शेवटचं रंगमंचीय काम ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’मधली काउंटेस, दिग्दर्शक ट्रेव्हर नन.

इंग्लंडला जाणं झालं तर

क्रॉयडनला त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, १९६२ पासूनचं. पण हातात एकच दिवस असेल तर स्ट्रॅटफर्डला जा. शेक्सपिअरच्या न्यू प्लेसच्या बागेत तुतीचं एक झाड आहे. ते १९६९ मध्ये ॲशक्रॉफ्ट यांनी लावलं, आणि त्या गेल्यावर त्यांची रक्षा त्याच झाडाभोवती विखुरली. जिथे त्यांनी मार्गारेट केली ते नाट्यगृह तिथून चालत काही मिनिटांवर आहे, नदीकाठी.